दोन शिंका

पेट्रोल आणि कार्बोलिक साबण यांचा एकमेकांत मुरलेला वास आता कुठेच येत नाही. दवाखान्यांचे वास बदलले, आणि गाड्यांचे वास घट्ट बसलेल्या झाकणांखाली गेले. तरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या पणत्या पुसून फडताळात गेल्या, की अमरावतीच्या माझ्या घरासमोरून कापसाने तटतटलेल्या गाड्या बाजाराकडे जाऊ लागतात. दुपारच्या उन्हात कुठला तरी पांढरा तंतू तरंगत येतो आणि खिडकीच्या गजाला चिकटतो. मी तो चिमटीत धरते. कापसाला वास असा फारसा नसतो. असलाच तर उन्हात वाळलेल्या धडुत्याचा असतो. पण माझ्या चिमटीतल्या तंतूला पेट्रोलचा वास येतो, त्यामागून कार्बोलिकचा, आणि मग अकोटचे ते अंगण, ती काळी गाडी, तिच्या उघड्या झाकणाखाली वाकलेली आई, सगळे एकामागून एक येऊन उभे राहते.

एकोणीसशे साठच्या अलीकडे-पलीकडे आई अकोटला डॉक्टर होती. वडील अमरावतीला कॉलेजात शिकवीत आणि मीही तिथेच कवितेच्या पुस्तकांत बुडालेली असे. त्या वर्षी टायफॉइडने मला सत्राच्या मध्यातून उचलले आणि आईच्या दारात आणून टाकले. ताप गेला, पण जाताना कातडी पातळ करून गेला. आवाज जास्त ऐकू येत, वास लांबून कळत. पहाटेपासून कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगची धाप सुरू होई. दुपारी सरकीचा तेलकट, किंचित गोडसर वास सुटे. रस्त्याकडेच्या बाभळी जाणाऱ्या प्रत्येक बैलबंडीतून काट्यांनी एकेक पुंजका ओढून घेत, त्यामुळे त्या ऐन थंडीत पांढऱ्या फुलल्यासारख्या दिसत. तारांवर कापूस, कौलांवर कापूस, न्हाव्याच्या आरशावर कापूस. चहाच्या कपावर तरंगणारा तंतू बोटाने बाजूला करून लोक घोट घेत, आणि त्याचे कुणालाच काही वाटत नसे.

आईची गाडी जुनी इंग्रजी बनावटीची होती. काळी, गोल पाठीची, मागच्या बाजूने उघडणाऱ्या दारांची. विलायतेला परत जाणाऱ्या एका इंजिनियरसाहेबाकडून ती आली होती. गावाने तिचे नाव ‘डबी’ ठेवले होते. डॉक्टरीणबाईची डबी धूळ उडवीत निघाली, की कुठल्या तरी गावी कुणाची तरी सुटका होणार, एवढे लोकांना कळे. आई गाडी स्वतः चालवी. पदर कमरेला खोचून, पाठ ताठ ठेवून. शेजारी बॅग, मागे पारबताबाई.

पारबताबाई आईचा उजवा हात होती. बाळंतपणांत ती पाणी उकळी, कपडे उकळी, बाळंतिणीच्या कपाळावर हात ठेवी, आणि आईने नजर उचलण्याआधी हवे ते हत्यार तिच्या हातात देई. गावाबाहेर तिचे लहानसे वावर होते. त्यात भाजीपाला, शेवंतीचे वाफे आणि बांधालगत थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे बायका वावरात जाऊन पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात. तिला सीतादही म्हणतात. त्या वर्षी सीतादही करून आल्यावर पारबताबाईने पदरात बांधलेला पहिला कापूस आईपुढे मोकळा केला होता.

“बाई, पाहा.”

आईने तो गालाला लावला. “आपल्या दवाखान्यातल्या कापसापेक्षा स्वच्छ आहे हो हा.”

त्या दिवशी दिवसभर पारबताबाईच्या चालण्यात एक ऐट होती.

त्या कापसामागे आणखीही एक गोष्ट होती. पारबताबाईची एकुलती लेक गिरजा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिली होती आणि त्या हंगामात तिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन बाळे गेली होती. पहिले कशाने गेले ते कुणालाच नीट कळले नाही. दुसऱ्या वेळी निरोप आला तेव्हा आईकडे गाडी नव्हती. आई आणि पारबताबाई बंडीने निघाल्या. ओढ्यापलीकडच्या चढणीवर बैल बसले, आणि त्या पोहोचल्या तेव्हा घरातल्या बायका उंबऱ्याशी गप्प बसलेल्या होत्या. बाळ जन्मले होते. श्वास घ्यायला त्याला कुणी मदत केली नव्हती. त्यानंतर आईने ही गाडी घेतली. तिने तसे कधी म्हटले नाही, पण मला ते ठाऊक होते, आणि पारबताबाईला तर होतेच. या वेळी आईने गिरजाला शब्द दिला होता, “निरोप धाड. मी गाडीने येईन.”

आणि नेमकी त्याच हंगामात गाडी शिंकू लागली.

शिंक हा शब्द आईचा. गावातून डबी अगदी गुणी पोरीसारखी जाई. मोकळा रस्ता लागला, वेग घेतला, काही मैल झाले, की एकाएकी तिचा आवाज पोकळ होई. दम कमी पडल्यासारखी ती दोन-तीन आचके देई आणि झाकणाखालून ‘फट्’ असा कोरडा आवाज येई. मग थांबे. आई उतरून झाकण उघडी, इकडे तिकडे बघे. तोवर समोरून येणाऱ्या बंड्या थांबत.

“डॉक्टरीणबाई, बैल जुपू का डबीले?”

“तिले पेंड घाला बाई. माही म्हैस अशीच करे.”

“थंडी झाली असन. टोपरं बांधा.”

आई हसे आणि परत चावी फिरवी. गाडी लगेच सुरू होई, जणू मघाशी काही झालेच नव्हते. हेच सगळ्यांत भीतिदायक होते. जे मोडते ते दुरुस्त करता येते. जे आपले आपण बरे होते आणि पुन्हा बिघडते, त्याला कुठे धरायचे? मागच्या सीटवर पारबताबाई गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेली असे. ती गाडीबद्दल अवाक्षर काढत नसे. एकदाच, चौथ्या की पाचव्या शिंकेनंतर, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “थ्या चढावर असं नको व्हायले, बाई.”

आईने आरसा उगाचच नीट केला.

आता मागे वळून पाहताना जाणवते, की यंत्राकडे मी त्या हंगामात पहिल्यांदा पाहिले. तोवर गाडी म्हणजे माझ्या लेखी एक आवाज आणि एक हालचाल होती. आईने मला झाकणाखाली वाकायला लावले. “हा कार्बोरेटर. पेट्रोल जळतं असं सगळे म्हणतात. नुसतं पेट्रोल असं जळत नाही. ते हवेत मिसळून त्याचं धुकं झालं पाहिजे. ते धुकं इथे होतं.” मी पाहिले. मुठीत मावेल एवढे करडे धातूचे भांडे. त्याच्या पोटात एक पोकळ पितळी गोळा पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल वर आले की तोच आपले दार लावून घेतो, खाली गेले की उघडतो. वर एक घसा, त्यातून हवा ओढली जाते, आणि ती जाता जाता एका बारीक छिद्रातून पेट्रोलला वर खेचते. खेचलेले पेट्रोल फुटून धुके होते. एवढेच. त्या दिवशी मी बराच वेळ त्या भांड्यावर हात ठेवून उभी होते. कवितेच्या वर्गात आम्ही ‘श्वास’ हा शब्द किती सैल हाताने वापरीत होतो. आणि इथे माणसांनी लोखंडाला खरोखर श्वास घ्यायला शिकवले होते.

आम्ही अकोल्याला गेलो. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहराच्या तोंडाशी गवईमिस्त्रींचे दुकान होते. ते फौजेच्या मोटारखात्यात नोकरी करून आले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे पितळी ताटलीत शेवंतीची फुले, आणि खाली ग्रीसने काळवंडलेले बाक. जाताना वाटेत डबी दोनदा थांबली होती. गवईंच्या दारात मात्र ती अशी शांत, अशी एकसुरी घुमत उभी राहिली की मला तिची चीड आली.

“पेशंट कोन्ता, बाई?” गवई म्हणाले.

“हा काय, तुमच्यासमोर.”

“याले तर खोकलाही नाई.” त्यांनी गाडी फिरवून आणली, लांबवर नेऊन आणली. “माह्यासमोर शानी होते तुमची डबी. मले भेते.”

“माझ्या दवाखान्याची पायरी चढली की लोकांचीही पोटं दुखायची थांबतात,” आई म्हणाली. “म्हणून काय त्यांना घरी धाडते मी?”

गवई हसले. मग त्यांनी गाडीचे प्लग काढले आणि एक आईच्या तळहातावर ठेवला. “रंग पाहा. काजळी नाई, चुन्यावानी पांढरा. म्हंजे तिले पेट्रोल पुरून नाई रायलं. हवा लय, पेट्रोल कमी. म्हनून शिंकते.”

“हवा जास्त जाते, की पेट्रोल कमी येतं?”

“हाच तर सवाल हाये.”

दोघेही प्लगवर वाकून उभे होते. दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटच्या जिभेकडे पाहावे तसे. गवईंनी कार्बोरेटर उघडला, भांडे धुतले, छिद्रांत फुंकर मारली, पुन्हा बसवला. काही सापडले नाही. पंपाच्या तोंडची पितळी जाळी तेवढी फाटलेली होती, ती आईलाही ठाऊक होती. “जाळी भेटली की धाडून देतो. तवर गाळूनच भरा. अन् रस्त्यात थांबाले लागली की हा चोक अर्धा ओढा, हवा कमी होते. चालत रायली तर समजा, पेट्रोलच्या वाटेत काही तरी बसलं हाये. थांबली की थे उठून जाते.”

“कोण उठून जातं?” मी विचारले.

“थेच तर पाहाचं हाये, ताई. मी असतो तवा थे घरात नसते.”

परतीच्या वाटेवर डबी एकदाही थांबली नाही. पुढचे काही दिवसही नाही. पारबताबाई गाणे गुणगुणत हत्यारे उकळू लागली. आणि मग एका सकाळी, दर्यापूरच्या रस्त्यावर, आवाज पुन्हा पोकळ झाला. मी शेजारी होते. आई म्हणाली, “ओढ.” मी चोकची मूठ अर्धी बाहेर ओढली. गाडीने एक आचका दिला, काळसर धूर सोडला, आणि ती खुरडत का होईना, चालत राहिली. आईचा चेहरा उजळला. रोग सुटला नव्हता, पण त्याचे घर कळले होते.

त्या दुपारी तिने गाडी अंगणात कडुलिंबाखाली घेतली आणि अंगात दवाखान्याचा पांढरा झगा घातला. तिने स्टेथोस्कोपची चकती काढून ठेवली, मोकळी नळी हातात धरली आणि इंजिन सुरू ठेवून प्रत्येक सांध्यापाशी ती नेऊ लागली. कुठे हवा चोरून आत शिरत असेल तर तिथे फुसफुस ऐकू यायला हवी होती. डोळे मिटून ती ऐकत होती. आईला मी असंख्य वेळा असे ऐकताना पाहिले होते, पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जो आदर होता, तो माणसापुढे असतो तसाच, तेवढाच होता. एवढ्याशा लोखंडापुढे. मला वाटले, ऐकणे हीच मुळात एक वाकण्याची क्रिया असावी.

“हवा नाही,” तिने नळी खाली केली. “म्हणजे पेट्रोलच.” आणि मग, रोग्याच्या नातेवाइकांना विचारावे तसे तिने मला विचारले, “जेवणाआधी दुखतं की जेवल्यावर?”

मला क्षणभर कळले नाही. मग आठवले. अकोल्याला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरली होती. दर्यापूरला निघालो त्या सकाळीही भरली होती. त्या आधीच्या शिंकाही मी एकेक करून मागे नेल्या. “जेवल्यावर,” मी म्हणाले.

आमच्याकडे पेट्रोल डब्यांतून येई. डब्यांना आतून गंज असे, कधी तळाशी पाणी असे. म्हणून फाटक्या जाळीच्या बदली आईने नियम केला होता, की पेट्रोल टाकीत ओतताना नरसाळ्यात चारपदरी गॉज धरायचे आणि गाळून भरायचे. जिथे पाणी गाळून पितात, दूध गाळून तापवतात, त्या घरात हे कुणाला वेगळे वाटणार? ते काम पारबताबाईचे होते आणि ती ते पूजेसारखे करी.

आईने भांडे सोडवले. गवईंनी आतले पेट्रोल फेकून दिले होते, तसे तिने फेकले नाही. तिच्या धंद्यात पेशंटच्या अंगातून निघालेले काहीही बघितल्याशिवाय टाकायचे नसते. तिने ते पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ओतले. तोच घेवड्याच्या दाण्यासारखा वळलेला ट्रे, ज्यात ती टाके काढून टाकी. मी वाकून पाहिले. स्वच्छ, किंचित पिवळट पेट्रोल. तळाचा पांढरा एनॅमल लख्ख दिसत होता. काही नव्हते.

“उन्हात ठेव,” आई म्हणाली. “आणि कुणाला विडी ओढत जवळ येऊ देऊ नकोस.” ती हात धुवायला गेली. मी ट्रेपाशी बसून राहिले.

पेट्रोल उडून जाताना मी तोवर पाहिले नव्हते. ते आटत नाही, निघून जाते. त्याच्यावरची हवा थरथरू लागली, ट्रेची कड आणि पलीकडची तुळस पाण्यात हलावी तशी हलू लागली. आजारातून उठलेल्या माझ्या नाकाला तो वास जड होत होता, पण मला हलवेना. पेट्रोलची कड आत आत सरकू लागली आणि ती जिथून मागे हटली तिथे, कोरड्या एनॅमलवर, काहीतरी उमटू लागले. आधी एक रेघ. मग तिला फुटलेली दुसरी. थंडीच्या पहाटे गवतावर दिसते तसे काहीसे, पण त्याहूनही बारीक. पेट्रोलमध्ये भिजलेले असताना ते पेट्रोलसारखेच पारदर्शक होते. डोळ्यांसमोर असून नव्हते. आता ऊन त्यांना एकेक करून परत पांढरे करीत होते. तंतू. मी आयुष्यभर कापसाच्या मुलखात राहिले होते, पण कापूस असा शून्यातून येताना पाहिला तो तेवढाच.

मी आईला हाक मारली नाही. तीच आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. मग तिने कार्बोरेटरमधले ते पितळी छिद्र, जेट, चिमट्यात धरून सूर्याकडे उचलले. सुईच्या नेढ्याहून बारीक प्रकाशाचा ठिपका. त्याच्या मधोमध एक केसाहून बारीक आडवी रेघ. गाडी धावताना खेच वाढली, की तंतू या तोंडाशी येऊन बसत. गाडी थांबली की खेच सुटे आणि ते पुन्हा भांड्यात तरंगत जात. अकोल्याची वाट, दर्यापूरची वाट, सातपुड्याच्या पायथ्याची ती चढण, सगळ्या वाटा एवढ्या एका ठिपक्यातून जात होत्या.

“गॉजचे धागे नाहीत हे,” आई पुटपुटली. “हे मोकळे तंतू आहेत. कापूस आहे.”

मागे काहीतरी वाजले. पारबताबाई हातातले पातेले खाली ठेवून उभी होती. ती ट्रेजवळ आली, उकिडवी बसली, आणि तिने तो पांढरा जाळीदार ठसा बोटाच्या टोकावर घेतला. शेतकरी दोन बोटांत कापूस ओढून त्याची लांबी बघतात तसा तिने तो ओढून पाहिला.

“हा माहा कापूस हाये,” ती म्हणाली.

मग तिने सांगितले. गॉज बाळंतिणींना पुरत नव्हते. त्यातून बाईंनी स्वतः गालाला लावून म्हटले होते, की दवाखान्यातल्यापेक्षा हा स्वच्छ. म्हणून ती दर वेळी नरसाळ्याच्या गळ्यात सीतादहीच्या कापसाचा बोळा बसवी आणि त्यातून पेट्रोल गाळी. झाल्यावर त्याच बोळ्याने गाडीच्या दिव्यांच्या काचा पुसून तो चुलीपासून लांब टाकून देई. “देवीच्या हातचा कापूस. म्हटलं, गाडी माह्या पोरीकडे जाणार हाये, तिच्या पोटात वंगाळ काही जाऊ नाई.” तिने बोट पदराला पुसले. “मीच माह्या पोरीच्या वाटेत बोळा घातला, बाई.”

आईला समजूत घालता येत नसे. रोग्यांशीही ती मोजके बोले. तिने पारबताबाईच्या हाताला धरून तिला उठवले, चिमटा तिच्या हातात दिला आणि जेट उन्हाकडे धरायला लावले. “बघा. जखमेत धागा राहू नये म्हणून मी सगळ्यांना ओरडते. कापसाचं गाळणं धागे सोडतं, हे तुमच्याआधी मला कळायला हवं होतं. नियम माझा होता.”

पारबताबाई एक डोळा मिटून पाहत राहिली. तिच्या ओल्या गालावर त्या छिद्रातून आलेला उजेड पडला असेल, तर तो मला दिसण्याइतका मोठा नव्हता.

“एवढ्यातून सगळी गाडी जाते?” तिने विचारले.

“सगळी.”

“माय वं,” पारबताबाई हळूच म्हणाली.

“उरलेला कापूस किती आहे?” आईने विचारले.

“हाये थोडा.”

“तो मला द्या. गिरजाच्या बाळाला उशी लागेल.”

पुढच्या दिवसांत आम्ही टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, जेटमधून आईने रबरी नळी लावून फुंकर घातली आणि तो तंतू तळहातावर झेलला. गवईंनी अकोल्याहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर केळीच्या पानात गुंडाळलेली नवी पितळी जाळी धाडली, आणि तोंडी निरोप, “डबीले सांगा, आता मले भ्यायचं काम नाई.” पारबताबाई स्वयंपाकघरात बसून पांढऱ्या मलमलीची लहानशी पिशवी शिवत होती. तिचा टाका मोठा होता, बाळंतिणीच्या चोळीला घालतात तसा, पण ती तो पुन्हा पुन्हा उसवून बारीक घालीत होती.

आज रस्त्यावरच्या गाड्या चावी फिरवली की चालू होतात आणि थांबवल्या की थांबतात. त्यांची झाकणे कुणी उघडत नाही. मला त्याची तक्रार नाही. माझे गुडघे आता अंगणात बसू देणार नाहीत. पण चालत्या वस्तूच्या आत एक बारीक वाट असते आणि ती आपल्या सर्वांत शुभ्र, सर्वांत प्रेमाच्या गोष्टीनेही बुजू शकते, हे मला कुठल्या कवितेने शिकवले नसते. लिहिताना मी आजही एखादी ओळ उन्हात ठेवते. उडून जाण्यासारखे असेल ते जाऊ देते, आणि मागे काय उमटते ते पाहते.

गिरजाकडचा निरोप त्याच हंगामात एका दुपारी आला. गिरजाचा दीर सायकलवरून, धुळीने पांढरा होऊन. सकाळपासून कळा होत्या. आईने बॅग उचलली. पारबताबाई आधीच गाडीत बसली होती, मांडीवर ती उशी घेऊन. आई मला बाळंतपणाला कधीच नेत नसे. रक्त पाहून मी एकदा खाली बसले होते. त्या दिवशी ती म्हणाली, “तू चल. चोकवर हात ठेव.”

मी सारी वाट तो हात ठेवला. बाभळी मागे पडत होत्या. पऱ्हाटीची उभी वावरे दोन्ही बाजूंनी पांढरी होती, बायका कमरेच्या ओट्यांत कापूस भरता भरता मान वर करून डबीकडे बघत होत्या. कुणी थट्टा केली नाही. आई डोळ्यांनी रस्त्यावर होती आणि कानांनी झाकणाखाली. ओढा आला. गाडी पाण्यातून, गोट्यांवरून वर आली आणि समोर ती चढण उभी राहिली, लाल मातीची, बैलांच्या खुरांनी खणलेली. आईने गिअर बदलला. इंजिनाचा आवाज जड झाला, अजून जड झाला. माझ्या मुठीत चोकची गोल टोपी घामाने ओली झाली. मागे पारबताबाईचा श्वास ऐकू येईनासा झाला. मी वाट पाहत होते त्या पोकळपणाची.

तो आला नाही. गाडी एकाच भरल्या सुरात चढत गेली, चढत गेली, आणि मग समोर एकाएकी आभाळ आले आणि खाली गावाची कौले.

“चढली,” पारबताबाई म्हणाली.

गिरजाच्या घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. बाजार उघडेपर्यंत वऱ्हाडात घरे अशीच कापसाने भरतात. मी त्या ढिगाला पाठ टेकून बसले, आणि ढीग माझ्या मागे हळूच खचला. कापसात आवाज बुडतात. आतल्या खोलीतले कण्हणे, पारबताबाईचे “हां बाई, हां माय,” आईचे तुटक शब्द, सगळे दुरून येत होते. दारातून मावळतीचे ऊन आले आणि कापसाच्या पांढऱ्यावर केशरी रंग चढला. एकदा गिरजा मोठ्याने ओरडली. त्यानंतर बायकांची कुजबुज, पावले, आणि मग काही नाही.

काहीच नाही. बाळाचा आवाज यायला हवा होता. मला ते ठाऊक होते, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनाही. गिरजाचा नवरा उठून उभा राहिला. मला आईच्या हातातली बारीक रबरी नळी दिसत नव्हती, पण ती कशी वापरतात ते मी ऐकून होते. बाळाच्या घशात अडकलेले ते तोंडाने हळूच ओढून घ्यायचे, थुंकायचे, पुन्हा ओढायचे. वाट मोकळी करायची. मी कापूस मुठीत धरला होता, किती घट्ट ते नंतर कळले.

आणि आतून एक शिंक आली. एवढीशी, कोरडी, ‘फट्’ अशी.

मग रडणे फुटले, तांबडे, रागावलेले, कापसाच्या ढिगाचेही न ऐकणारे. पारबताबाई आत रडत होती की हसत होती ते सांगता येत नव्हते. बाहेर कुणीतरी “पोट्टी की पोट्टं?” विचारले.

“कुमुद,” आईने हाक मारली. “आत ये.”

मी गेले. खोलीत गरम पाण्याचा, रक्ताचा आणि कार्बोलिकचा वास होता, आणि या वेळी मी खाली बसले नाही. गिरजा डोळे मिटून पडली होती, चेहरा घामाने चमकत होता, आणि तिच्या आईने तिचे केस मागे सारले होते. मुलगी होती. पांढऱ्या उशीवर तिचे डोके संत्र्याएवढे दिसत होते. आईने आपल्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. चकती तिने केव्हाच परत बसवली होती. तिने त्याची टोके माझ्या कानांत घातली. जगाचे आवाज एकदम बंद झाले. मग तिने चकती तळहातात धरून, फुंकर घालून ऊबदार केली, त्या इवल्या छातीवर अलगद टेकवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

“ऐक.”